तळच्या टेनिसचा ताळेबंद

जानेवारी २०२४ मध्ये मेलबर्न येथील ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत सुमित नागल याने कझाकस्तानच्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला सरळ तीन सेटमध्ये हरविले, तेव्हा देशभर आनंदाची लाट उसळली. तिला कारणही तसेच होते. ग्रँड स्लॅम स्पर्धेच्या पुरुष एकेरीत भारतीय खेळाडूने मानांकित प्रतिस्पर्ध्याला नमविण्याची ही १९८९ नंतरची पहिलीच वेळ होती. १९८९ मध्ये रमेश कृष्णन याने याच स्पर्धेत त्या वेळी जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या मॅट्स विलँडरला पराभूत केले होते. पस्तीस वर्षांचा दुष्काळ संपला, असे मथळे दुसऱ्या दिवशी झळकले. परंतु या विजयाच्या चारच महिने आधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, याच नागलने एका वृत्तसंस्थेला दिलेली मुलाखत त्या जल्लोषात कोणी फारशी आठवली नाही. आपल्या बँकेच्या खात्यात अवघे ९०० युरो, म्हणजे सुमारे ८० हजार रुपये, उरले आहेत, असे त्याने त्या मुलाखतीत सांगितले होते. वर्षभर स्पर्धा खेळत फिरण्याचा खर्च ८० लाख ते एक कोटी रुपये होतो आणि मिळेल तो पैसा आपण त्यातच घालतो, असा त्याचा हिशेब होता. त्या वेळी तो एकेरीत भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता.

मुलाखत प्रसिद्ध होताच सहानुभूतीचा पूर आला, पुरस्कर्तेही पुढे आले. आपल्याकडे हे असेच होते. खेळाडूने व्यथा सांगावी, कोणी तरी मदतीचा हात पुढे करावा आणि प्रश्न सुटला असे सर्वांनी समजावे! नागलचा प्रश्न त्याच्यापुरता सुटलाही असेल. शिक्षकाच्या घरात जन्मलेल्या या मुलाने मिळविलेले यश त्याच्या जिद्दीचेच फळ आहे, यात शंका नाही. परंतु देशातला सर्वोत्तम खेळाडूच जर अशा काठावर उभा असेल, तर क्रमवारीत चारशेव्या, सहाशेव्या, हजाराव्या स्थानावर असलेल्या आणि ज्यांची मुलाखत घ्यावयास कोणतीही वृत्तसंस्था जाणार नाही, अशा तरुणांचे काय होत असेल, हा विचार कोणाला सुचला नाही. भारतीय टेनिसचे दुखणे विम्बल्डनच्या हिरवळीवर शोधण्यात अर्थ नाही. ते ज्या स्पर्धांची नावेही वृत्तपत्रांत येत नाहीत, त्या तळच्या स्पर्धांत आहे.

या तळच्या थराची रचना समजून घेतली पाहिजे. वर चार ग्रँड स्लॅम स्पर्धा, त्यांच्या खाली पुरुषांसाठी एटीपीच्या व महिलांसाठी डब्ल्यूटीएच्या मुख्य स्पर्धा, त्याखाली पुरुषांच्या चॅलेंजर स्पर्धा व महिलांच्या तत्सम स्पर्धा, आणि सर्वांत खाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या, स्पर्धा, अशी ही उतरंड आहे. पुरुषांची सर्वांत लहान स्पर्धा एम-१५ या नावाने ओळखली जाते, कारण तिच्या पारितोषिकांची एकूण रक्कम १५ हजार डॉलर असते. ही स्पर्धा जिंकणाऱ्याला क्रमवारीचे १५ गुण मिळतात, उपविजेत्याला ८, उपांत्य फेरीत हरणाऱ्यास ४, उपांत्यपूर्व फेरीत हरणाऱ्यास २ आणि दुसऱ्या फेरीत हरणाऱ्यास एक. पहिल्याच फेरीत जो हरला, त्याला गुण शून्य. पैशाच्या बाबतीत पाहिले, तर एकेरीच्या विजेत्याला वर्षानुवर्षे २,१६० डॉलर मिळत आले आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६ डॉलर. पात्रता फेरी खेळून मुख्य फेरीत आलेला, आठवडाभर परक्या गावी राहिलेला तरुण तेरा-चौदा हजार रुपये घेऊन परत फिरतो. विमानाचे भाडे, राहण्याचा व जेवणाचा खर्च, रॅकेटच्या तारा बदलण्याचे पैसे यांचा त्यातून कसा मेळ बसणार, हे कोणत्याही कारकुनाने कागदावर मांडून पाहावे.

आयटीएफने स्वतःच असा हिशेब एकदा मांडला. २०१३ या वर्षाच्या आकडेवारीवरून तयार केलेल्या त्या पाहणीत असे आढळले की, त्या वर्षी व्यावसायिक स्पर्धांत सुमारे १४ हजार खेळाडू उतरले आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांना पारितोषिकाचा एक डॉलरही मिळाला नाही. प्रशिक्षकाचा पगार वगळून केवळ प्रवास, निवास, भोजन आणि साहित्य यांचा पुरुष खेळाडूचा सरासरी वार्षिक खर्च ३८,८०० डॉलर होता व महिला खेळाडूचा ४०,१८०. जमाखर्चाची तोंडमिळवणी पुरुषांत ३३६ व्या क्रमांकावर होत होती आणि महिलांत २५३ व्या. त्याखालचे सारे जण तोट्यात! वरच्या पन्नास पुरुषांनी त्या वर्षीच्या एकूण पारितोषिकांपैकी साठ टक्के रक्कम नेली. आता वर दिलेल्या २,१६० डॉलरशी या खर्चाचा ताळा घालून पाहावा. केवळ एम-१५ स्पर्धांवर जगू पाहणाऱ्या खेळाडूला २०१३ सालचा सरासरी खर्च भागविण्यासाठी वर्षात अशा अठरा स्पर्धा जिंकाव्या लागतील. म्हणजे जो वर्षभर अजिंक्य राहील, तोच कर्जाबाहेर राहील. याच्या जोडीला दुसरे टोक पाहावे. २०२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत एकेरीच्या विजेत्यासाठी ५० लाख डॉलर होते. तेवढ्या रकमेत ३३३ एम-१५ स्पर्धांची सर्व पारितोषिके देऊन होतात. तेथे पहिल्या फेरीत हरणाऱ्याला मिळालेले १ लाख १० हजार डॉलर हे तळच्या पहिल्या फेरीतील पराभूताच्या कमाईच्या सातशे पट आहेत. खेळ तोच, जाळ्याची उंची तीच आणि पराभवही तोच.

श्रेष्ठ खेळाडूला अधिक पैसा मिळावा, याविषयी वाद नाही. लोक तिकीट काढून त्यालाच पाहावयास येतात. वाद आहे तो उमेदवारीच्या काळाविषयी. वकिलाला, वैद्याला, शिक्षकाला उमेदवारी करावी लागते, तशी टेनिसपटूलाही. परंतु या उमेदवारीचा काळ वाढत चालला आहे. त्याच पाहणीप्रमाणे, क्रमवारीतील पहिला गुण मिळविल्यापासून पहिल्या शंभरांत येण्यास पुरुष खेळाडूला २००० साली सरासरी ३.७ वर्षे लागत, २०१३ साली ४.८ वर्षे लागू लागली. ही पाच वर्षे कोणाच्या पैशावर काढावयाची? ज्या देशांत महासंघ श्रीमंत आहे किंवा वडील श्रीमंत आहेत, तेथे उत्तर सोपे आहे. इतरांसाठी ही परीक्षा गुणवत्तेची न राहता सोशिकतेची होते, आणि सोशिकतेलाही शेवटी बँकेच्या पुस्तकाची मर्यादा असतेच.

आता या लहान स्पर्धा भरतात तरी कोठे, याकडे पाहण्यासारखे आहे. ट्युनिशियातील मोनास्टिर, तुर्कस्तानातील अंताल्या, इजिप्तमधील शर्म-अल-शेख ही समुद्रकाठची पर्यटनस्थळे. येथे आठवड्यामागून आठवडे या स्पर्धा चालतात. प्रेक्षक जवळजवळ नसतात. हॉटेलच्या आवारातच कोर्टे असतात आणि खेळाडू, त्यांचे पालक व प्रशिक्षक त्याच हॉटेलात पैसे देऊन राहतात. एरवी स्पर्धेने खेळाडूला पोसावे अशी अपेक्षा असते. येथे खेळाडूच स्पर्धेला पोसतो. हॉटेलमालकाच्या दृष्टीने हा व्यवहार चोख आहे, त्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्या खोल्या ओस पडण्याच्या दिवसांत भरतात आणि जगाला क्रमवारीचे गुण मिळतात! परंतु भारतातील तरुणाने गुण मिळविण्यासाठी ट्युनिशियाला जावे, तेथे महिनाभर राहून दोनदा पहिल्या फेरीत व दोनदा दुसऱ्या फेरीत हरावे आणि दोन गुण घेऊन परतावे, हा व्यवहार त्याच्या वडिलांच्या दृष्टीने कसा आहे, हे सांगावयास नको.

अशा दारिद्र्यात दुसरा रोग शिरला नसता तरच नवल. २०१२ पासून तळच्या स्पर्धांतील सामन्यांची गुणसंख्या क्षणाक्षणाला जगभर पोचविण्याचे हक्क आयटीएफने विकले. त्यामुळे ज्या सामन्याला दहा प्रेक्षक नाहीत, त्यावरही परदेशातील जुगारी पैजा लावू लागले. ॲडम लुईस यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने २०१८ मध्ये याविषयीचा अहवाल दिला. तिने केलेल्या पाहणीला उत्तरे देणाऱ्या ३,२०० हून अधिक खेळाडूंपैकी ४६४ जणांनी सामने आधीच ठरविले जात असल्याची प्रत्यक्ष माहिती आपल्याला आहे, असे सांगितले. स्वतःला व्यावसायिक म्हणविणाऱ्या हजारो खेळाडूंपैकी फार तर अडीचशे ते साडेतीनशे जणांचाच खर्च कमाईतून भागतो, असे समितीने नमूद केले आणि भ्रष्टाचाराचे मूळ या विषमतेत दाखविले. एक सेट सोडण्याचा मोबदला स्पर्धा जिंकण्याच्या पारितोषिकाहून अधिक असेल, तर नीतीची व्याख्याने किती पुरी पडणार? २०२१ पासून स्वतंत्र दक्षतासंस्था काम करीत आहे, खेळाडूंवर व पंचांवर बंदीही येते. मूळ हिशेब मात्र बदललेला नाही.

तो बदलण्याचे प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. एके काळी तळाला ‘सॅटेलाइट’ मालिका असत. चार आठवडे लागोपाठ एकाच देशात खेळावयाचे आणि गुणांचे वाटप शेवटी व्हावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. मध्येच निघून जाणाऱ्याच्या पदरी काही पडत नसे. १९९८ पासून एकेका आठवड्याच्या ‘फ्यूचर्स’ स्पर्धा आल्या आणि पुढे सॅटेलाइट बंद झाल्या. मग स्पर्धा अमाप झाल्या, खेळाडूही अमाप झाले, आणि आयटीएफला वाटू लागले की ही गर्दीच रोगाचे मूळ आहे. जानेवारी २०१९ मध्ये एक नवी व्यवस्था अमलात आली. १५ हजार डॉलरच्या स्पर्धांतून मिळणारे एटीपी व डब्ल्यूटीएचे गुण काढून घेण्यात आले, त्यांच्या जागी निराळी क्रमवारी आली आणि पात्रता फेरीतील जागा कमी केल्या गेल्या. व्यवसायात थोडेच खेळाडू असावेत, पण त्यांना पोटभर मिळावे, ही कल्पना कागदावर वाईट नव्हती. प्रत्यक्षात दार बंद झाले आणि आतल्यांची भाकरीही वाढली नाही. शेकडो खेळाडू एका रात्रीत क्रमवारीतून नाहीसे झाले. जगभर ओरड झाली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जुने गुण परत द्यावे लागले. वरच्या वर्गात गर्दी झाली म्हणून खालची शाळाच बंद करण्याचा हा प्रकार सात महिने टिकला, हेच आश्चर्य.

त्यानंतरच्या सुधारणा अधिक शहाणपणाच्या आहेत. एटीपीने २०२४ पासून किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना सुरू केली. पहिल्या वर्षी पहिल्या शंभरांस तीन लाख डॉलर, १०१ ते १७५ क्रमांकांस दीड लाख आणि १७६ ते २५० क्रमांकांस ७५ हजार डॉलर, अशा त्यात मर्यादा ठेवण्यात आल्या. कमाई त्याहून कमी पडली तर फरक एटीपीने भरून द्यावयाचा. कुमार गटातील अव्वल खेळाडूंना आणि अमेरिकन विद्यापीठांतील उत्तम खेळाडूंना चॅलेंजर व एम-२५ स्पर्धांत थेट काही जागा देण्याची योजनाही चांगली आहे. मात्र हमीची रेषा २५० वर थांबते. ज्या देशाचे एकेरीतील खेळाडू या रेषेच्या वर क्वचित दिसतात, त्याला या योजनेतून काय मिळणार? जगाने आपल्या तळाची सोय करावी, अशी वाट पाहत बसणे भारताला परवडणारे नाही.

भारताने आजवर काय केले? १९९६ मध्ये दिल्लीत सुरू झालेली एटीपी स्पर्धा पुढच्याच वर्षी चेन्नईला गेली आणि २०१७ पर्यंत तेथे नांदली. २०१८ पासून ती राज्य शासनाच्या पाठबळाने पुण्यात, बालेवाडीच्या श्रीशिवछत्रपती क्रीडानगरीत आली. महाराष्ट्राला हा मोठा मान वाटला. जानेवारी २०२३ मध्ये तेथे शेवटची स्पर्धा झाली आणि २०२४ पासून तो आठवडा हाँगकाँगकडे गेला. त्याविषयी पुष्कळ हळहळ व्यक्त झाली. परंतु त्या स्पर्धेने चेन्नईत व पुण्यात मिळून पाव शतकात एकेरीत कोणता भारतीय खेळाडू घडविला, हा प्रश्न विचारला, तर उत्तर देताना अडखळावे लागते. सोमदेव देववर्मन याने २००९ मध्ये चेन्नईत अंतिम फेरी गाठली हे खरे, पण तो घडला होता अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात. अशा स्पर्धेच्या पारितोषिकांची रक्कम सहा लाख डॉलरहून अधिक असते. केवळ पारितोषिकांचा हिशेब धरला, तर तेवढ्या रकमेत चाळीस एम-१५ स्पर्धा होतात. चाळीस स्पर्धा भरवाव्यात असे कोणी म्हणणार नाही. परंतु एक आठवड्याचा उत्सव आणि अनेक आठवड्यांचे शिक्षण यांत निवड करण्याची वेळ आली, की आपले मन उत्सवाकडे झुकते. उद्घाटनाला मंत्री येतात ते उत्सवाच्या. एम-१५ स्पर्धेच्या पात्रता फेरीचे उद्घाटन कोणी करीत नाही.

उत्सवापेक्षा खालची पायरी अधिक उपयोगी पडते, याचा पुरावा भारतातच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागलने चेन्नईची चॅलेंजर स्पर्धा जिंकली आणि तो पहिल्या शंभरांत पोचला. त्याच वर्षी जुलैमध्ये तो ६८ व्या क्रमांकापर्यंत चढला. त्या मोसमात चेन्नई, बंगळुरू, पुणे व दिल्ली अशा चार चॅलेंजर स्पर्धा लागोपाठ झाल्या आणि २०२५ मध्येही त्या झाल्या. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु २०२५ मध्ये या चारही स्पर्धांतील एकेरीची अजिंक्यपदे परदेशी खेळाडूंनी नेली. याचा दोष संयोजकांना देता येणार नाही. विद्यापीठ उघडले आणि त्याला विद्यार्थी पुरविणाऱ्या माध्यमिक शाळा अपुऱ्या ठेवल्या, तर पदव्या बाहेरचे विद्यार्थी नेणार, हे उघड आहे. वाइल्ड कार्डावर आलेला आपला मुलगा पहिल्या फेरीत तासाभरात हरतो, त्याचे छायाचित्र छापून येते आणि पुढच्या आठवड्यात तो पुन्हा मोनास्टिरच्या विमानात बसतो.

महिलांच्या बाबतीत महाराष्ट्राने अधिक दूरदृष्टी दाखविली आहे, हे मान्य करावयास हवे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर आणि सोलापुरात महिलांच्या आयटीएफ स्पर्धा झाल्या. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर २०१७ मध्ये डब्ल्यूटीएच्या दुय्यम श्रेणीची स्पर्धा झाली, ती जिंकणारी एकोणीस वर्षांची मुलगी आर्यना सबालेंका पुढे जगात पहिली आली. तेव्हा तिला पाहावयास किती मुंबईकर गेले होते, हा प्रश्न जरा अवघडच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच स्पर्धेत कोइमतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून येऊन थेट उपांत्य फेरीपर्यंत गेली. घरच्या कोर्टावर, घरचे अन्न खाऊन, वरच्या दर्जाच्या परकीय खेळाडूंशी गाठ पडली तर काय होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे. अहमदाबादची अंकिता रैना पुण्यात राहून खेळली आणि अशाच लहान स्पर्धांतून एकेकीला हरवीत १६० व्या क्रमांकापर्यंत गेली.

या बाबतीत जगात आज कोणाकडून शिकावयाचे असेल तर इटलीकडून. त्या देशात वर्षाला वीसच्या आसपास चॅलेंजर स्पर्धा होतात आणि त्यांच्या खाली आयटीएफ स्पर्धांचे दाट जाळे आहे. ती मोठ्या राजधान्यांत होतात असे नाही. बेर्गामो, त्रेन्तो अशा मध्यम गावांत होतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये बेर्गामोच्या चॅलेंजर स्पर्धेत सतरा वर्षांच्या, क्रमवारीत ५४६ व्या असलेल्या यानिक सिनर या मुलाला वाइल्ड कार्ड मिळाले आणि त्याने ती स्पर्धाच जिंकली. पाठोपाठ त्रेन्तो येथील २५ हजार डॉलरची स्पर्धाही त्याने जिंकली. वर्ष संपताना तो ७८ वा होता आणि जून २०२४ मध्ये जगात पहिला. सिनरसारखी प्रतिभा कोणतीही संघटना निर्माण करू शकत नाही, हे कबूल. परंतु आगगाडीच्या अंतरावर स्पर्धा नसत्या, तर ती प्रतिभा उघड व्हावयास किती वर्षे लागली असती? इटलीच्या महासंघाने आणखी एक गोष्ट केली. साऱ्या मुलांना उचलून एका राष्ट्रीय केंद्रात कोंडण्याचा हट्ट त्याने सोडला आणि गावोगावच्या खाजगी प्रशिक्षकांना हाताशी धरले. लोरेन्झो मुसेत्ती हा लहानपणीच्याच प्रशिक्षकाबरोबर वर चढला. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे डेव्हिस चषक इटलीकडे राहिला, त्यामागे ही विखुरलेली, बिनबोभाट तयारी आहे.

भारतात लहान स्पर्धा वाढविण्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. घरच्या दुबळ्या स्पर्धांत स्वस्तात गुण मिळवून खेळाडू फुगतात, बाहेर गेल्यावर पितळ उघडे पडते, असे म्हणतात. यात तथ्य आहे. मुख्य फेरीत बहुतेक आपलेच खेळाडू असतील, तर ती राज्य अजिंक्यपद स्पर्धेची दुसरी आवृत्ती ठरेल. यावर उपाय स्पर्धा कमी करणे हा नव्हे. एकाच भागात चार-पाच आठवडे सलग स्पर्धा असल्या, तर परदेशी खेळाडू येतात. एका आठवड्यासाठी कोणी पोलंडहून सोलापूरला येणार नाही; पाच आठवड्यांसाठी येईल. सोलापूर, पुणे, नाशिक, मुंबई, कोल्हापूर ही शहरे रात्रीच्या गाडीने जोडलेली आहेत. एका शहरात हरलेला खेळाडू दुसऱ्या दिवशी पुढच्या शहरात सराव करू शकतो, आणि त्याचा प्रवासखर्च विमानाच्या तिकिटाऐवजी आगगाडीच्या तिकिटाएवढा राहतो. १५ हजार डॉलर म्हणजे सुमारे तेरा लाख रुपये. संयोजनाचा खर्च वेगळा धरूनही, पुरुषांचे दहा आणि महिलांचे दहा आठवडे हा महाराष्ट्रासारख्या राज्याला न पेलणारा भार नाही.

निवासाचा खर्च हाच खेळाडूचा मोठा खर्च असतो आणि तो कमी करणे संयोजकांच्या हाती आहे. अमेरिकेत लहान गावांतील स्पर्धांच्या वेळी गावातली कुटुंबे खेळाडूंना आपल्या घरी उतरवून घेतात. आपल्याकडे संगीत महोत्सवाच्या कलावंतांना, व्याख्यानमालेच्या वक्त्यांना घरी उतरवून घेण्याची परंपरा शंभर वर्षांची आहे. टेनिसपटूच्या वाट्याला ती का येऊ नये? सुट्टीत रिकामी असणारी वसतिगृहेही आहेत.

वाइल्ड कार्डाचा विषय नाजूक आहे, पण टाळता येणार नाही. घरच्या स्पर्धेचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे या जागा, आणि त्या कोणाला मिळाल्या व का मिळाल्या हे बहुधा कोणाला कळत नाही. कोणत्या संघटनेचा कोण पदाधिकारी, कोणाचा पुतण्या, असली चर्चा मग क्लबाच्या कट्ट्यावर होते. ती खरी असो वा खोटी, जागा बंद दाराआड वाटल्या जातात तोवर ती थांबणार नाही. प्रत्येक मालिकेपूर्वी निवड-स्पर्धा घ्यावी, तिच्या विजेत्यांना जागा द्याव्यात आणि उरलेल्या जागांचे निकष आधी प्रसिद्ध करावेत, एवढे केले तरी पुष्कळ साधेल.

एकेरीच्या या कोंडीचा एक परिणाम सर्वांच्या डोळ्यांसमोर असून कोणी त्याकडे परिणाम म्हणून पाहत नाही. भारतीय खेळाडू दुहेरीकडे वळतात. रोहन बोपण्णाने २०२४ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन दुहेरीचे अजिंक्यपद मिळविले व तो जगात पहिला आला, हा पराक्रमच. एकेरीत ८३ व्या क्रमांकापर्यंत गेलेला आणि २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन कुमार अजिंक्यपद मिळविलेला युकी भांब्री दुखापतींनंतर दुहेरीत गेला आणि २०२५ च्या अमेरिकन स्पर्धेत उपांत्य फेरीत पोचला. परंतु विशीतील मुले जेव्हा एकेरी सोडून दुहेरीचा विचार करू लागतात, तेव्हा ती आवड नसते, हिशेब असतो. शरीर कमी झिजते, कारकीर्द लांबते आणि खर्च दोघांत वाटला जातो. त्यांना नावे ठेवणाऱ्यांनी १५६ डॉलरचा आकडा पुन्हा एकदा पाहावा.

आता राहिला अठराव्या वर्षाचा प्रश्न. बारावीच्या वर्गातील मुलगा किंवा मुलगी राज्यात पहिल्या चार-पाचांत आहे, घरी वडील नोकरदार आहेत आणि भविष्यनिर्वाह निधीतून एकदा उचल घेऊन झाली आहे. शिक्षण सोडून फेरीवर जावयाचे की रॅकेट माळ्यावर टाकावयाची, असे दोनच पर्याय आपण त्यांच्यापुढे ठेवतो. अमेरिकेने तिसरा पर्याय निर्माण केला आहे. तेथील विद्यापीठे शिष्यवृत्ती देतात, चार वर्षे उत्तम सामने देतात आणि पदवीही देतात. सोमदेव तेथूनच पुढे आला आणि ६२ व्या क्रमांकापर्यंत गेला. २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविणारी महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेक्सास ए ॲण्ड एम विद्यापीठात होती, पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटमध्ये. सप्टेंबर २०२५ मध्ये डेव्हिस चषकात स्वित्झर्लंडला त्याच्याच भूमीवर नमविताना एकेरीचा सामना जिंकणारा दक्षिणेश्वर सुरेश हा वेक फॉरेस्ट विद्यापीठाचा विद्यार्थी. युरोपात जाऊन भारताने असा विजय १९९३ नंतर प्रथमच मिळविला. म्हणजे भारतीय टेनिसची उमेदवारी अमेरिकन विद्यापीठांच्या खर्चाने चालू आहे!

आपल्या विद्यापीठांना हे अशक्य आहे काय? २०२५ च्या जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धेत पुण्याच्या वैष्णवी आडकरने महिला एकेरीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा विद्यापीठीय टेनिसला दर्जा येऊ शकतो हे दिसले. परंतु आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा वर्षातून एकदा, काही दिवसांत उरकली जाते. संघ ऐन वेळी निवडला जातो, आणि परीक्षेच्या वेळी खेळाडूची स्पर्धा आली, तर हजेरीच्या नियमाकडे बोट दाखविले जाते. राज्यातील चार-पाच विद्यापीठांनी प्रत्येकी आठ खेळाडूंना वसतिगृह, शुल्कमाफी आणि पूर्णवेळ प्रशिक्षक दिला, त्यांच्यात हिवाळाभर साखळी सामने ठेवले आणि तिच्या विजेत्यांना राज्यातील आयटीएफ स्पर्धांच्या मुख्य फेरीत जागा राखून ठेवल्या, तर त्या बारावीच्या मुलापुढे देशातच तिसरी वाट उभी राहील. खेळाडू म्हणून तो अपयशी झाला, तरी हातात पदवी राहील.

ज्यांना पूर्णवेळ फेरीवर जावयाचे आहे, त्यांच्यासाठी मुदतबंद वेतन हवे. सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्यांनी खेळाडूंना नोकऱ्या देऊन हे काम आजवर काही अंशी केले आहे, परंतु तेथे नोकरी मिळते ती नाव झाल्यावर. नाव होण्यापूर्वीच्या वर्षांसाठी कोणी नाही. महेश भूपतीच्या पुढाकाराने निघालेल्या ‘मिशन २०१८’ या योजनेचे उद्दिष्ट २०१८ पर्यंत भारताला एकेरीतील ग्रँड स्लॅम विजेता देण्याचे होते. लहानगा नागल त्या योजनेतच निवडला गेला होता. पुरस्कर्त्याने हात काढून घेतला आणि योजना मिटली. एका कंपनीच्या उत्साहावर उभारलेली योजना त्या उत्साहाएवढीच टिकते. त्यापेक्षा राज्याच्या क्रीडाविभागाने वीस वर्षांखालील सहा मुलगे व सहा मुली दरवर्षी क्रमवारीच्या उघड निकषावर निवडावे, तीन वर्षे त्यांचा प्रवासखर्च पावत्यांवर द्यावा आणि ठरविलेला क्रमांक न गाठणाऱ्याची मदत चौथ्या वर्षी थांबवावी. निवड चुकली असे कोणाला वाटले, तर आकडे सर्वांसमोर असतील. क्रीडाविभागाला हे पसंत नसेल, तर त्याने निदान राज्यातील सहा शहरांच्या क्रीडासंकुलांतील टेनिस कोर्टे ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात लग्नसमारंभांसाठी व प्रदर्शनांसाठी भाड्याने देऊ नयेत. तेवढ्यानेही स्पर्धांना जागा होईल.